रुतलेल्या चाकाचं कोडं

सोळाशे किलो वजनाची गाडी जमिनीला नेमकी किती टेकते? शाळेतल्या गणितानं उत्तर काढता येईल. चार चाकं, म्हणजे प्रत्येक चाकावर चारशे किलो भार. टायरमधली हवा साधारण ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास दाब. चारशेला सव्वादोननं भागा. उत्तर येतं १८० चौरस सेंटिमीटरपेक्षाही किंचित कमी! बोटांसकट आपल्या हाताचा पंजा टेकवला, की साधारण तेवढीच जागा व्यापतो. चारही चाकांचं मिळून क्षेत्रफळ भरतं ए-फोर कागदापेक्षा जरासं जास्त.

घाटातलं वळण, पावसातला ब्रेक, उभी चढण, आतली पाच माणसं आणि त्यांचं सामान, सगळं या चार पंजांच्या भरवशावर चाललेलं असतं. डांबरी रस्त्यावर तेवढी पकड भरपूर होते. पण जूनचा पहिला दमदार पाऊस झालाय, काळी माती भिजून लोण्यासारखी झालीय आणि तुम्ही शेताकडच्या गाडीवाटेला लागलाय, अशा वेळी काय होतं? गाडी रुतते. एक चाक जागच्या जागी गरगर फिरून चिखल उडवू लागतं. आणि त्याच्याच जोडीचं पलीकडचं चाक, ज्याच्याखाली चांगला घट्ट मुरूम आहे, ते मात्र ढिम्म उभं राहतं.

हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण त्यातली विसंगती किती जबरदस्त आहे! इंजिन चालू आहे, जोर मिळतोय, एका चाकाखाली पकड आहे. तरी तेच चाक काम करायला तयार नाही. असं का? थार, गुरखा, जिम्नी, रँग्लर अशा गाड्यांकडे माणसं आशाळभूतपणे का बघतात, हे समजून घ्यायचं असेल तर आधी हे कोडं सोडवावं लागतं. कारण या सगळ्या गाड्या म्हणजे या एकाच कोड्याची वेगवेगळी उत्तरं आहेत.

सुरुवात वळणापासून करू. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. किती जास्त? दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल, तर पूर्ण यू-टर्न घेताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळपास ४.७ मीटर जास्त धावतं. गंमत म्हणजे वळण छोटं घ्या किंवा मैदानाएवढं मोठं घ्या, हा फरक तेवढाच राहतो! वर्तुळाची त्रिज्या गणितातून चक्क गळून जाते. उरतं फक्त दोन चाकांमधलं अंतर आणि गणितातला पाय (π).

बैलगाडीला याची फिकीर नसते. तिचं प्रत्येक चाक आसावर सुटं फिरतं, कारण ओढायचं काम बैल करतात आणि चाकं नुसती मागे येतात. मोटारीत मात्र ओढायचं कामच चाकांचं. एकाच इंजिनाचा जोर दोन चाकांना द्यायचा आणि तरी दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू द्यायचं, हे कसं जमवायचं?

उत्तर मोटारीच्याही आधी सापडलं होतं. ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच माणसानं १८२८च्या सुमारास वाफेवरच्या गाडीसाठी डिफरन्शियलचं पेटंट घेतलं. कार्ल बेंझची मोटार आली १८८६ साली! उभ्या ट्रकच्या मागे वाकून पाहिलंत तर दोन चाकांच्या मधोमध आसावर एक लोखंडी गोळा फुगलेला दिसतो. तोच हा डिफरन्शियल. त्याच्या पोटात काही दातेरी चाकं एकमेकांत अडकून बसलेली असतात. सरळ रस्त्यावर ती सगळी एकत्र फिरतात. वळण आलं की मधली छोटी चाकं स्वतःभोवती फिरू लागतात आणि आतल्या चाकाचा वेग जितका कमी होतो, बरोबर तितकाच बाहेरच्या चाकाचा वाढवतात. ना वायर, ना सेन्सर. नुसत्या दातांच्या रचनेतून हा हिशेब आपोआप सुटतो. तुमच्या-माझ्या प्रत्येक मोटारीत तो दर वळणावर सुटत असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

मग चिखलात हाच डिफरन्शियल दगा का देतो? बहुतेकांना वाटतं, तो सगळा जोर घसरणाऱ्या चाकाकडे पाठवतो. खरी गोष्ट त्याहून नवलाची आहे. तो दोन्ही चाकांना अगदी समान जोर देतो आणि नेमका तिथेच घात होतो.

दोन बैल एका जुवाला जुंपलेत आणि ते जू मधोमध एकाच सैल गाठीवर बांधलंय, असं समजा. एका बैलानं अंग चोरलं तर काय होईल? जू त्याच्या बाजूनं मागे वळेल. दुसरा बैल कितीही धिप्पाड असला तरी त्याच्या खांद्याला ओढायला काही मिळणारच नाही. अंग चोरणारा जितकं ओढेल, तितकंच चांगल्या बैलालाही ओढता येईल. डिफरन्शियल म्हणजे हेच सैल गाठीचं जू. चिखलातल्या चाकाला फिरायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही. मग मुरमावरच्या चाकालाही जवळजवळ काहीच मिळत नाही. ही समानता रस्त्यावर वरदान ठरते. चिखलात तीच गाडीला खिळवून ठेवते.

‘मग चारही चाकांना जोर द्या, झालं!’ असं तुम्ही म्हणाल. माणसानंही तसंच म्हटलं. १९४० साली युरोपात युद्ध पेटलेलं असताना अमेरिकन सैन्यानं एका हलक्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीची मागणी काढली. नमुना तयार करून द्यायला मुदत किती? ४९ दिवस! बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्यानं दोनेक दिवसांत आराखडे काढले आणि सप्टेंबर १९४० मध्ये गाडी वेळेत हजर झाली. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी ती लाखांनी बनवली. तीच जीप.

या एका गाडीची वंशावळ बघाल तर थक्क व्हाल. इंग्लंडमध्ये मॉरिस विल्क्स यांनी जीपच्याच सांगाड्यावर पहिला नमुना उभा केला आणि १९४८ साली लँड रोव्हर जगासमोर आली. जपानमध्ये टोयोटानं जीपसारखीच बीजे ही गाडी केली. १९५१ साली तिनं फुजी पर्वतावर सहाव्या टप्प्यापर्यंत चढाई केली. पुढे तिच्यातूनच लँड क्रूझर घडली. आणि आपल्याकडे? महिंद्रानं विलीज जीपचे सुटे भाग आणून ते मुंबईत माझगावला जुळवायला सुरुवात केली. पुढची कित्येक दशकं पोलीस ठाण्यापासून साखर कारखान्यापर्यंत आणि तहसील कचेरीपासून धरणाच्या कामापर्यंत जीप दिसली नाही असं गाव महाराष्ट्रात विरळाच. वडापच्या अड्ड्यावर ओळीनं उभ्या असायच्या त्या कमांडर आणि ट्रॅक्स आठवतात? कमांडर ही महिंद्राची, म्हणजे आज नाशिकला बनणाऱ्या थारच्या घराण्यातली. ट्रॅक्स ही पुण्याच्या बजाज टेम्पोची. तीच कंपनी पुढे फोर्स मोटर्स झाली आणि गुरखाचा जन्म याच ट्रॅक्सच्या कुळातला. ज्या गाडीसाठी आज तरुण मुलं पैसे साठवतात, तिची भावंडं आपल्या आजीला बाजाराला घेऊन जात होती!

पण कोडं अजून सुटलेलं नाही. फोर बाय फोर गाडीत पुढे एक आणि मागे एक असे दोन डिफरन्शियल असतात. म्हणजे सैल गाठीची दोन जुवं. खडकाळ वाटेवर कधी कधी पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी अधांतरी होतं. आता दोन्ही जुवांवर एकेक बैल अंग चोरतोय! तिरकी दोन चाकं हवेत गरगरतात, जमिनीवरची दोन गप्प उभी राहतात आणि फोर बाय फोरचा बिल्ला मिरवणारी गाडी जागची हलत नाही. या पेचातून बाहेर पडायचे मार्ग कोणते? इथेच गुरखा, थार आणि जिम्नी या आपल्या तीन गाड्या तीन वाटांनी जातात आणि तिन्ही वाटा बघण्यासारख्या आहेत.

गुरखाचा मार्ग सरळसोट. पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांना लॉक. चालकानं ठरवायचं, लॉक लावायचं, की सैल गाठ पक्की आवळली जाते. दोन्ही चाकं जणू एकाच सळईची टोकं होतात. एक हवेत असलं तरी दुसऱ्याला हवा तेवढा जोर मिळतो. चारपैकी तीन चाकांची पकड सुटली तरी उरलेलं एकटं चाक गाडी ओढू शकतं. कारखान्यातूनच दोन्ही लॉक घेऊन येणाऱ्या गाड्या जगात मोजक्याच आहेत आणि त्यांतली एक पुण्याच्या कंपनीची आहे.

थारच्या काही आवृत्त्यांमध्ये मागच्या आसाला असं लॉक मिळतं, जे स्वतःच लागतं! कसं? आत एक छोटी फिरती वजनं असलेली यंत्रणा असते. दोन चाकांच्या वेगातला फरक एका मर्यादेपलीकडे गेला, की ती वजनं वेगानं फिरून बाहेर फेकली जातात, एका खिट्टीत अडकतात आणि लॉक लागतं. साध्या वळणावर फरक किरकोळ असतो, तेव्हा ती गप्प बसतात. हे तत्त्व फार जुनं आहे. जेम्स वॉटनं अठराव्या शतकात वाफेच्या इंजिनाचा वेग आवरायला असेच फिरते गोळे लावले होते. चाक घसरलंय हे ओळखायचं आणि त्यावर इलाजही करायचा, ही दोन्ही कामं लोखंडाचे दोन तुकडे निव्वळ फिरण्याच्या जोरावर करतात!

जिम्नीकडे लॉक नाही. तिची युक्ती सगळ्यांत चतुर आहे. घसरणाऱ्या चाकाला ती ब्रेक लावते. फक्त त्याच एका चाकाला. हवेतलं चाक ब्रेकनं अडलं, की ते फिरवायला जोर लागू लागतो. दोघांना समान द्यायचं ही डिफरन्शियलची सवय, त्यामुळे तेवढाच जोर लगेच जमिनीवरच्या चाकालाही मिळतो. म्हणजे गाडी पुढे काढण्यासाठी ब्रेक! अंग चोरणाऱ्या बैलाला दामटलं आणि जू आपोआप सरळ झालं.

जिम्नीचं दुसरं बळ तिच्या वजनात आहे. ती भरते सुमारे बाराशे किलो. भुसभुशीत जमिनीत जड गाडी जिथे खचते, तिथून ही हलकेच निघून जाते. तिचे दोन्ही आस अखंड आहेत. म्हणून एका बाजूचं चाक दगडावर चढलं, की दुसऱ्या बाजूचं खाली दाबलं जातं आणि जमीन धरून राहतं. या घराण्याची सुरुवात ऐकून तर विश्वास बसणार नाही. १९७० सालच्या पहिल्या सुझुकी एलजे-१० चं इंजिन होतं ३५९ सीसीचं. आपल्या बुलेटच्या इंजिनाएवढं! तेवढ्यावर ती फोर बाय फोर डोंगर चढायची. पुढे याच वंशातली जिप्सी आपल्या लष्करानं वर्षानुवर्षं वापरली.

एवढ्याशा इंजिनाला हे जमतं कसं? त्याचं उत्तर गिअरच्या शेजारच्या दुसऱ्या दांड्यात आहे. तो लो रेंजला टाकला, की आणखी एक गिअरजोडी मध्ये येते. वेग घटतो आणि तितक्याच पटीनं चाकाला मिळणारा पीळ वाढतो. जिम्नीत हे प्रमाण साधारण दुप्पट, थारमध्ये जवळपास अडीचपट. पुण्याजवळ रांजणगावला जुळवल्या जाणाऱ्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये तर चौपट! लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून पाय बाजूला घेतला, तरी गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू, एकेक दगड चाचपत चढत राहते. उतारावर ब्रेकला पाय न लावता इंजिनच तिला धरून ठेवतं. आपण गाडीची ताकद वेगानं मोजतो. इथे ती सावकाशपणानं मोजतात.

आता या गाड्यांच्या रूपाकडे बघा. समोरचा आणि मागचा भाग चाकांपलीकडे फारसा का येत नाही? कारण नाक पुढे आलं तर चढणीला चाक टेकण्याआधी बंपर टेकेल. थार सुमारे ४१ अंशांच्या कोनाला सरळ भिडू शकते, जिम्नी ३६ अंशांच्या. स्टेपनी मागच्या दारावर का? पोटाखाली टांगली तर उतरताना ती जमिनीला घासेल. बॉनेट सपाट का? पुढचे दोन कोपरे चालकाला दिसावेत म्हणून. गुरखाच्या काचेशेजारून वर गेलेलं ते नळकांडं कशाला? इंजिनाला उंचावरची कोरडी हवा मिळावी म्हणून. हवेऐवजी पाणी सिलिंडरमध्ये शिरलं, तर ते दाबलं जात नाही आणि पिस्टनचा दांडाच वाकतो. डोळ्यांना भुरळ घालणारी एकेक रेघ कुठल्या तरी खडकानं किंवा ओढ्यानं आखून दिलेली आहे!

माणसं या गाड्यांवर जीव टाकतात त्याचं कारण मला इथेच दिसतं. साधी मोटार चांगली कुठली? जी खालची जमीन विसरायला लावते. ऑफ-रोड गाडी मात्र जमीन कळवत राहते. पुढचं डावं चाक दगडावर चढलं, मागचं घसरायच्या बेतात आहे, हे स्टिअरिंगमधून आणि बैठकीतून अंगात उतरतं. कुठला दांडा कधी टाकायचा, लॉक केव्हा लावायचं, चाक कुठल्या दगडावरून न्यायचं, हे तुम्हीच ठरवायचं. इतकंच काय, टायरची हवासुद्धा तुमच्या हातात. ३२ वरून १६ पीएसआयवर आणलीत, तर आपल्या सुरुवातीच्या गणितानं पंजाची जागा जवळपास दुप्पट होते. फुकटात दुप्पट पंजा! वाळूत रुतलेली गाडी कित्येकदा एवढ्यानंच निघते. डांबरावर परतण्याआधी मात्र हवा पुन्हा भरायची. कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोरही काढून टाकायचं, कारण वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो सगळा ताण यंत्रणेत पिळत जातो.

मग तिघींत श्रेष्ठ कोण? ज्याला प्रत्येक निर्णय स्वतः घ्यायचाय, आडवाटेला सहा-सात माणसं आणि सामान न्यायचंय, त्यानं गुरखा बघावी. ज्याचा बहुतेक प्रवास डांबरावर आहे, पण मामाच्या गावची चिखलाची चढण चुकत नाही, त्याला थार पुरून उरेल. ज्याला अरुंद पाऊलवाटेवरून हलक्या पावलानं जायचंय, त्यानं जिम्नीच घ्यावी. तिन्हींचं कौतुक मनापासून करावं, कारण तिघींनी एकच कोडं तीन सुंदर रीतींनी सोडवलंय.

पण एका गोष्टीवर तिघींकडेही उत्तर नाही. गुरखा ७०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, थार ६५०, असं कंपन्या सांगतात. हे आकडे संथ पाण्याचे. सगळी पकड येते वजनातून आणि पाणी नेमकं तेच काढून घेतं. गाडीचा बंदिस्त तळ पाच चौरस मीटर धरला, तर पाणी तळाच्या वर दहा सेंटिमीटर चढताच पाचशे किलो वजन नाहीसं होतं. तीस सेंटिमीटरला दीड हजार किलो. चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली, मग लॉक काय करणार आणि लो गिअर काय करणार? वरून वाहत्या पाण्याचा रेटा असतोच. तेव्हा पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहताना दिसलं, तर गाडी कुठलीही असो, अलीकडेच थांबा. पाणी ओसरेपर्यंत वाट बघा, नाहीतर मागे वळा.